नकाशातली पाण्याची रेघ

फरीदाबादच्या घराच्या गच्चीवर आम्ही दोघं उन्हात मटार सोलत बसलो होतो. ही म्हणाली, "यंदा धरण आटलंय म्हणे. बाबांच्या विहिरीचा कठडा वर आलाय. जाऊ या एकदा."

"बघू."

"तुमचं बघू लग्नापासून ऐकतेय. आणि दाणे खाऊ नका, भाजीला राहू द्या."

संध्याकाळी चहा ठेवायला उठली आणि ओट्यापाशीच पडली. हॉस्पिटलात पोचायच्या आत गेली.

मी चौथीपर्यंत शिकलो. दिल्लीच्या सरकारी ऑफिसात नकाशांच्या प्रती काढायच्या मशीनवर शिपाई होतो. लग्नानंतर दोनेक वर्षांनी धरणाचा एक नकाशा आला. पाणी कुठवर चढणार त्याची रेघ मारलेली. इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचली, तर रेघेच्या आत माझी सासुरवाडी. इथलं घरी बोलायचं नाही, अशी साहेबांची ताकीद. मी चार प्रती काढल्या, गुंडाळून दिल्या, घरी येऊन जेवलो.

त्याच उन्हाळ्यात सासऱ्यांनी विहीर खणायला घेतली. हिने खुशीत पत्र वाचून दाखवलं. तेव्हा तरी तोंड उघडायचं. पण खरं सांगतो, साहेबांपेक्षा हिचीच भीती वाटली. इतके दिवस गप्प का बसलात, म्हणाली असती. पुढच्या उन्हाळ्यात खडक लागला, तरी म्हातारा रोज खाली उतरत होता. विहिरीला पाणी लागलं आणि मागोमाग गाव खाली करायची नोटीस आली.

नदीचं नुसतं पाणीच पाणी झालं. गुरं चरायची ती टेकडी बेट झाली. धाकट्या मेहुणीचं सासर पलीकडच्या काठावर. आधी गुडघाभर पाण्यातून जायचे, आता बसने अर्ध्या दिवसाचा वळसा. सासरे माळावरच्या नव्या वसाहतीत घरं मोजत जाऊन आपलं दार ओळखायचे.

ही विचारायची, "तुम्ही नकाशांच्या ऑफिसात, तुम्हाला काहीच कळलं नव्हतं?"

"शिपायाला कोण सांगतं?"

ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खाली तिरडी बांधत होते. मी जिन्यात जाऊन मेहुणीला फोन लावला. बहीण गेल्याचं तिला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. मी नकाशाचं सगळं सांगून टाकलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दाजी, हे अक्काला सांगायचं होतं. मला कशाला सांगताय आता?"

तिने शिव्या द्याव्यात म्हणून फोन कानाला धरून उभा राहिलो. तिने दिल्या नाहीत, नुसती रडत राहिली. खालून हाका आल्या, तेव्हा गेलो.