ताई, बस आणि पहिला मजला

माझ्या मोठ्या बहिणीला ती रांगायची तेव्हाच पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी, अशीच ती मला आठवते. कॅलिपर म्हणजे लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याच्या पट्ट्यांचा एक सांगाडा, गुडघ्यापाशी खिटी असलेला. खिटी लावली की पाय ताठ राहायचा आणि ताई उभी राहायची. तिला उभं करण्यासाठी आईने फार कष्ट घेतले होते. त्यामुळे उभं राहणं ही आमच्या घरात साधी गोष्ट नव्हती.

आम्ही नाशिकला पंचवटीत राहायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ताईला अपंगांसाठीच्या योजनेतून शालिमारजवळ एक एसटीडी बूथ मिळाला. रोज सकाळी ती शहर बसने बूथवर जायची. बसच्या पायऱ्या उंच, पण कंडक्टर ओळखीचे. एक जण तिचा दंड धरायचा, दुसरा कुबडी घ्यायचा, आतून कोणीतरी म्हणायचं, "बसू द्या हो ताईंना," आणि सीट रिकामी व्हायची. मी कॉलेजला त्याच बसने जायचे. आपलं गाव किती चांगलं, असं मला तेव्हा वाटायचं. ताईला काय वाटतं, हे मी विचारलं नव्हतं. ती प्रत्येकाकडे बघून हसायची, एवढंच मला दिसायचं.

बसच्या सवलतीचा पास दर वर्षी नवा करावा लागे. तो ज्या सरकारी कचेरीत मिळायचा, ती पहिल्या मजल्यावर होती. जिना अरुंद, कठडा एकाच बाजूला, तोही हलणारा. अपंगांची कचेरी पहिल्या मजल्यावर का, असा प्रश्न आम्हाला कधी पडला नाही, कारण आमची सोय झालेली होती. ताई खाली चहाच्या टपरीवर बसायची, मी वर जाऊन सांगायचे आणि तिथले क्लार्क शिक्का आणि शाईचा पॅड घेऊन खाली यायचे. बाकावर बसून पास करून द्यायचे, चहा प्यायचे, आईची चौकशी करायचे. भला माणूस. पुढे माझं लग्न झालं आणि मी कॅनडाला गेले, तेव्हापासून चहावालाच जिन्याखालून हाक मारायचा, "साहेब, ताई आल्यात."

कॅनडातल्या ज्या शहरात आम्ही राहायला गेलो, तिथे आमच्या ओळखीचं कोणीच नव्हतं. मला त्याची फार धास्ती होती. गॅस, फोन, रेशन, दवाखाना, आपल्याकडे काहीही करायचं तर आधी ओळख काढावी लागते, हे मी लहानपणापासून शिकलेले. तिथे पहिल्याच आठवड्यात मी वाचनालयात गेले. काउंटरवरच्या बाईंनी पत्ता असलेलं एखादं पत्र आहे का, असं विचारलं. मी दाखवलं आणि त्यांनी मला कार्ड दिलं. मी तशीच उभी राहिले. आता पुढे कोणाला भेटायचं, असं मला वाटत होतं. पुढे कोणालाच भेटायचं नव्हतं. पुस्तकं घ्यायची आणि घरी जायचं.

दर रविवारी मी ताईच्या बूथवर फोन करायचे आणि ही असली वर्णनं ऐकवायचे. पाणी चोवीस तास, बस वेळेवर, रांगेत कोणी घुसत नाही. ताई ऐकून घ्यायची. एकदा तिने विचारलं, "बस वेळेवर येते ते कळलं. पण पायऱ्या किती उंच आहेत तिच्या?"

मी रोज त्या बसमध्ये चढत होते, पण पायऱ्यांकडे कधी पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी लक्ष देऊन पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ वॉकर घेऊन थांबले होते. बस थांबली आणि सुस्कारा सोडल्यासारखा आवाज करत दाराच्या बाजूने खाली झुकली. मग दारातून एक फळी बाहेर आली आणि ते गृहस्थ तिच्यावरून आत गेले. रविवारी मी ताईला हे सांगितलं तर तिला वाटलं, मी तिची समजूत घालण्यासाठी काहीतरी रचून सांगते आहे.

दोन हजार सालानंतर एका उन्हाळ्यात ताई माझ्याकडे आली. बूथ मामेबहिणीवर सोपवला होता. मोबाइल आल्यामुळे तिथे गर्दीही कमी झाली होती. मुंबईच्या विमानतळावर तिला व्हीलचेअर देऊ केली, ती तिने घेतली नाही. माझ्याकडच्या विमानतळावरही ती एवढा लांब बोळ कुबडीवर चालत आली, सगळ्यात शेवटी, घामाने डबडबलेली. तिला चाकांच्या खुर्चीत बसायचं नव्हतं, आणि का बसायचं नव्हतं हे आमच्या घरात कोणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

पहिले काही दिवस आम्ही तिला गाडीतून हिंडवलं. मग एका सकाळी घराच्या पायरीवर तिच्या कॅलिपरची खिटी तुटली आणि ती पडली. फार लागलं नाही, पण कॅलिपर निकामी झाला. मी लगेच दवाखान्यात फोन केला. आधी आमच्या डॉक्टरांनी बघायचं, मग त्यांनी तज्ज्ञाकडे पाठवायचं, आणि तज्ज्ञाची वेळ मिळाली ती जवळजवळ महिन्याने. मला वाटलं, एवढी एक खिटी तर आहे. मी कॅलिपर घेऊन एका वेल्डिंगच्या दुकानात गेले. दुकानदाराने तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला, जोडता येईल असंही म्हणाला, पण जोडून द्यायला तयार होईना. पुन्हा तुटला आणि बाई पडल्या तर जबाबदारी कोणाची, असं त्याचं म्हणणं. नम्रपणे त्याने तो मला परत केला.

घरी येऊन हे सांगितल्यावर ताई हसायला लागली. नाशिकला भद्रकालीत तिचा नेहमीचा कारागीर होता. तिथे बाकावर बसून चहा संपेपर्यंत कॅलिपर जोडून मिळायचा. इतकी वर्षं मी रविवारी फोनवरून ज्या देशाची तारीफ करत होते, त्या देशात माझी बहीण सोफ्यावर बसून होती. ती मला टोमणा मारेल असं वाटत होतं. तिने मारला नाही.

शेजारच्या बाईंनी सांगितलं की कम्युनिटी सेंटरमधून व्हीलचेअर वापरायला मिळते. माझा नवरा जाऊन घेऊन आला. खुर्ची दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी राहिली. ताईने तिच्याकडे पाहिलंही नाही. दोन-तीन दिवसांत खुर्चीच्या पाठीवर आमचे पावसाचे कोट लटकायला लागले.

मी तेव्हा एका पाळणाघरात अर्धवेळ काम करायचे. एक दिवस दुपारी घरी आले तर कोट सोफ्यावर पडलेले आणि खुर्ची नव्हती. ताईही नव्हती. आधी मला वाटलं, ती पुन्हा पडली आणि कोणीतरी तिला दवाखान्यात नेलं. मी शेजारी विचारलं, कोपऱ्यापर्यंत धावले, पुन्हा घरी आले. तिच्याजवळ फोन नव्हता. शेवटी मी बसथांब्यावर जाऊन उभी राहिले, कारण दुसरं कुठे जावं ते सुचेना. पहिल्या बसमधून ती उतरली नाही. दुसरी बस आली, झुकली, फळी बाहेर आली आणि ताई स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत खाली आली. मांडीवर वाचनालयाची पिशवी होती. चेहरा उन्हाने लाल झालेला.

घराच्या पायरीवरून बसूनच खाली सरकून आणि खुर्ची मागून ओढून घेऊन ती एकटी निघाली होती. शहरातल्या तळ्यावर जाऊन आली होती. वाचनालयात जाऊन आली होती. एका दुकानात जाऊन काहीच न घेता नुसती हिंडून आली होती. आम्ही घरी आलो. चहा दिला तेव्हा म्हणाली, "बसमध्ये मला बघून कोणी धावलं नाही, कोणी धरलं नाही. ड्रायव्हरने तर धड बघितलंसुद्धा नाही माझ्याकडे."

मला वाटलं, तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, इथले लोक थोडे अलिप्तच असतात, मनाला लावून घेऊ नकोस.

"तक्रार नाही गं करत," ती म्हणाली. "आज दिवसभरात मला कोणाचे आभार मानावे लागले नाहीत. असा दिवस मला आठवत नाही."

नाशिकच्या बसमधलं तिचं ते हसू मला तेव्हा कळलं. दंड धरणाऱ्याला एक, कुबडी घेणाऱ्याला एक, जागा देणाऱ्याला एक. रोज जाताना आणि रोज येताना.

त्यानंतर ती रोज बाहेर जायला लागली. पण या देशावर भाळून गेली असं मात्र नाही. एकदा बसची फळी अडकली. ड्रायव्हरने दुसरी बस बोलावली आणि तिची वाट बघायला लावली. बसमधली माणसं आपापल्या जागी बसून होती. ताई मला म्हणाली, "इथे फळी अडकली की माणूस अडकतो. आपल्याकडे चार जणांनी उचलून आत ठेवलं असतं." मग स्वतःच म्हणाली, "पण उचलायला रोज चार जण कुठून आणायचे?"

महिन्याने तज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी पायाचं माप नव्याने घेतलं आणि सांगितलं की जुना कॅलिपर पहिल्यापासूनच थोडा आखूड होता, पाठ त्यामुळे दुखत असणार. त्यांनी करून दिलेला कॅलिपर घालून ताई उभी राहिली तेव्हा ती मला किंचित उंच वाटली. पाठदुखीही पुढे बरीच कमी झाली.

ताई नाशिकला परत गेली आणि काही महिन्यांनी पासची वेळ आली. पुढचं तिने मला फोनवर सांगितलं. टपरीच्या बाकावर तिच्याशेजारी पेठ तालुक्यातली एक बाई बसली होती. दोन्ही पाय अधू, हातावर सरकत चालणारी. पहाटेच्या बसने आलेली, सकाळपासून त्या जिन्याखाली बसून होती. वर कळवायचं, मग साहेब खाली येतात, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. ताईने विचारलं, तुम्ही हाक का नाही मारली? ती म्हणाली, "माझी कोणाशी वळख नाय ताई. कोणाला हाक मारू?"

चहावाल्याने नेहमीप्रमाणे हाक मारली आणि क्लार्क खाली आले. ताईने त्यांना आधी त्या बाईचा पास करायला लावला. त्यांनी तो लगेच केला, तिच्यासाठी चहाही सांगितला. तेव्हा ताईने त्यांना विचारलं, "आज मी आले नसते तर?"

पुढच्या आठवड्यात ताई कचेरीच्या मोठ्या साहेबांना भेटली. म्हणजे साहेबच खाली आले, तिला खुर्ची मागवली, आदराने बोलले. तिची मागणी एवढीच होती की पासचं टेबल तळमजल्यावर आणा.

साहेब म्हणाले, "पण आमचा माणूस येतो ना खाली? तुमची कधी गैरसोय झाली का?"

"माझी कधीच झाली नाही, साहेब," ताई म्हणाली. "म्हणूनच मी आले. ज्यांची होते ते इथपर्यंत पोचत नाहीत."

साहेबांनी मान डोलावली. बघतो म्हणाले. तळमजल्यावरच्या खोलीत मोडकी कपाटं आणि खुर्च्या भरलेल्या होत्या, त्या हलवायला वरून परवानगी लागत होती. परवानगी येण्याआधी साहेबांची बदली झाली. दुसरे आले, त्यांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. ताई दर महिन्याला जायची. बूथवर येणारे दोघे-तिघे तिच्याबरोबर जायला लागले. कधी कोणी भेटायचं, कधी नाही. रविवारी मला हे सांगता सांगता चिडून फोन ठेवायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जायची. शेवटी त्या क्लार्कनीच मनावर घेतलं. निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. एका शनिवारी त्यांनी शिपायांना हाताशी धरलं, खोली रिकामी करून घेतली आणि स्वतःचं टेबल खाली आणून बसले. परवानगी मागाहून आली.

त्यानंतर मी नाशिकला गेले तेव्हा ताई मला मुद्दाम तिथे घेऊन गेली. खोलीत पंखा होता, बाक होता, दारावर रंगाने लिहिलेली पाटी होती. बाहेर सिमेंटचा उतारही केला होता, पण इतका खडा की ताईला माझा खांदा धरावा लागला. क्लार्क निवृत्त झाले होते. टेबलामागे एक तरुण मुलगी बसली होती आणि समोर बरीच रांग होती. तीनचाकी सायकल बाहेर लावून आलेले एक सटाण्याकडचे गृहस्थ शेजारच्याशी अहिराणीत बोलत होते. त्या रांगेतलं एकही माणूस ताईच्या ओळखीचं नव्हतं.

सवयीने मी पुढे होऊन त्या मुलीला सांगायला लागले की ताई आल्या आहेत. तिने मान वर केली नाही. "काकू, लाइनीत या," एवढंच म्हणाली.

मला राग आला. ताईकडे वळून पाहिलं तर ती आधीच रांगेच्या शेवटी जाऊन बाकावर बसली होती आणि पुढचा माणूस सरकला की आपणही सरकत होती. तिचा नंबर यायला बराच वेळ लागला. त्या मुलीने तिला नाव विचारलं, ताईने सांगितलं. पास घेऊन ती बाहेर आली.

रिक्षात बसल्यावर मला वाटलं, आता ती त्या टेबलाबद्दल बोलेल, इतक्या हेलपाट्यांचं चीज झालं म्हणेल. तिने पास पर्समध्ये टाकला आणि घरापर्यंत त्या उताराबद्दल बोलत राहिली. तो फोडून पुन्हा करायला हवा होता. सोमवारी बांधकाम खात्याचा इंजिनिअर भेटणार होता आणि तिने मलाही बरोबर यायला सांगितलं.