न ऐकलेला संकल्प

माझ्या जिभेवरून ‘ण’ गेला तेव्हा मी सिडकोतल्या एका घरी सत्यनारायणाची पूजा सांगत होतो. ‘नारायन’ असा उच्चार माझ्याच तोंडून निघाला आणि मीच दचकलो. जिभेच्या टोकाखाली मुगाएवढी गाठ आली होती. ती वर्षभरात हरभऱ्याएवढी झाली, आणि जीभ टाळ्याकडे वळेनाशी झाली. मी भिक्षुकी करणारा माणूस. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्यांना मी आयुष्यभर हसत आलो होतो. एक अक्षर चुकलं की मंत्राचं फळ जातं, असं मला लहानपणापासून शिकवलेलं, आणि ते मी इतरांना नको तितक्या तोऱ्यात ऐकवलेलं. आता बरोबरीचे गुरुजी मला रुद्राच्या पाठाला बोलवेनासे झाले. हळूहळू पूजाही थांबल्या. घरात बसून मी पत्नीशीसुद्धा बोलत नसे. ती बिचारी शेजारच्या मुलांच्या शिकवण्यांवर घर ओढत होती.

एका डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट चांगला आला, साधी गाठ. पण काढायची तर भूल द्यावी लागेल, भरती व्हावं लागेल, असं सांगून त्यांनी जो खर्चाचा आकडा सांगितला, तो ऐकून मी चप्पल उलटी घालून बाहेर आलो. मग एका मोठ्या रुग्णालयात सरकारी योजनेच्या खिडकीवर गेलो. तिथल्या मुलीने कागद नीट वाचले आणि मनापासून हळहळत म्हणाली, “काका, ही साधी गाठ आहे. कॅन्सर असता तर योजनेत बसवता आलं असतं.”

पुढचं लिहायला आजही हात धजत नाही. त्या संध्याकाळी मी गुलमंडीच्या मारुतीसमोर उभा राहिलो, ओंजळीत पाणी घेतलं आणि मनातल्या मनात यथासांग संकल्प केला. तिथी, वार, नक्षत्र, माझं नाव, माझं गोत्र. मनात ‘ण’ चुकत नाही. आणि मागितलं काय, तर हा रिपोर्ट खोटा निघू दे, ही गाठ कॅन्सरची निघू दे. हजारो लोकांसाठी मी आयुरारोग्य मागितलं असेल. स्वतःसाठी पहिल्यांदा मागितलं ते हे. पाणी सोडलं आणि घरी येऊन जेवलो. मला लाजसुद्धा वाटली नाही, इतका मी आतून संपलो होतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खिडकीवर गेलो, पुन्हा तेच उत्तर. बाहेरच्या बाकावर बसलो आणि हुंदका आवरेना. शेजारी नऊवारी नेसलेली एक म्हातारी बसली होती. पाचोड गावची, नवऱ्याला घेऊन आलेली.

“का रडाया लागले, भाऊ?”

मी जीभ उचलून गाठ दाखवली, जमेल तसं बोललो.

“आगं बाई, असंच माझ्या सुनंच्या गालात आलतं. सरकारी दाताच्या दवाखान्यात काढलं. भरती नाय, काय नाय. पावती फाडली, तेवढ्याच जागी सुई टोचली अन् झालं.”

“दातांच्या दवाखान्यात? गाठ तर जिभेला आहे.”

“आता जीभ काय पायात ऱ्हाती व्हय? तिथं तोंडाचं समदं करतेत. जावा उद्या. नाव काय तुमचं?”

मी नाव सांगितलं. त्यातला शेवटचा ‘ण’ घशातच विरला. तिला ‘नाना’ एवढंच ऐकू आलं. तिने तिथल्या तिथे पायांतल्या वहाणा काढल्या, डोळे मिटले. “खंडेराया, ह्या नानाची गाठ साधीच राहू दे रं बाबा.” मी तिला थांबवणार होतो. नाव चुकलं, गोत्र नाही, असं सांगणार होतो. पण तिच्या नवऱ्याचा पुकारा झाला आणि ती उठून गेली. तिचं नाव विचारायचंही राहिलं.

सरकारी दातांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी अर्ध्या तासात गाठ काढली. खालच्या एका तुटक्या दाताची धार जिभेला सतत लागत होती, ती घासून बोथट केली. पावतीची रक्कम माझ्या खिशात होती. मी हात जोडून उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, “गाठ तपासायला पाठवते. मागच्या वेळी फक्त तुकडाच पाहिला होता. आठ दिवसांनी या.”

ते आठ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आता पैशांची अडचण उरली नव्हती, आता मला जगायचं होतं, आणि देवाजवळ माझा अर्ज पडून होता. शास्त्राप्रमाणे बिनचूक. त्याच्या विरुद्ध होती ती एका बाईची विनवणी, चुकीच्या नावाने, बिनगोत्राची. मी आयुष्यभर जे सांगत आलो, त्या हिशोबाने माझंच ऐकलं जायला हवं होतं. संकल्प मागे घ्यावा म्हणून पळीभर पाणी घ्यायचो आणि ते तसंच परत तांब्यात ओतायचो. चौथ्या दिवशी सगळं पत्नीला सांगून टाकलं. ती उठून दुसऱ्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मग मी पळी ठेवून दिली. देवाला म्हटलं, मला आता काही मागता येत नाही, तुला करायचं ते कर.

नवव्या दिवशी रिपोर्ट मिळाला. साधीच गाठ. डॉक्टरबाईंनी दोनदा सांगितलं, कारण पहिल्या वेळी मला ते ऐकूच आलं नाही.

टाक्यांमुळे जीभ अजून आखडते, ‘ण’ पूर्ण आलेला नाही. कधी येईल की नाही, माहीत नाही. रुद्राच्या पाठाला अजून बोलावणं येत नाही. अधूनमधून एखादी पूजा मिळते, आणि यजमान अडखळत मंत्र म्हणू लागले की मी त्यांना आता टोकत नाही. लोक मला विचारतात, गुरुजी, देव खरंच ऐकतो का? ऐकतो, हे मला माहीत आहे. पण माझं त्याने ऐकलं नाही, आणि याच्याएवढी कृपा माझ्यावर आजवर दुसरी झालेली नाही.