बोटभर सैल

भागरताकाकी कुणाच्याही घरी आली की पाणी मागत नसे, बसतही नसे. घरात तान्हं मूल असलं तर सरळ त्याच्यापाशी जायची आणि त्याच्या करदोट्याखाली स्वतःचं बोट घालून बघायची. बोट सहज गेलं तर हसायची. अडकलं तर मुलाच्या आईची खैर नसायची. "पोरगं वाढून राह्यलं, गाठ वाढते का?" हे तिचं ठरलेलं वाक्य. बायका मागे नावं ठेवायच्या, पण गाठ मात्र सैल करायच्या.

ही सवय तिला कशी लागली, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. मी गोंदियाच्या बाजारपेठेतली मुलगी, नवेगाव बांधच्या बाजूच्या त्या खेड्यात नुकतीच सून म्हणून आले होते. काकीचं घर आमच्या कुडापलीकडे. विधवा बाई, तलावाच्या पाण्यावर पिकणारी थोडी धानाची बांधी आणि अंगणभर कोंबड्या. माणसांशी बोलताना तिच्या जिभेला धार असायची, कोंबड्यांशी बोलताना मात्र ती विरघळायची. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "शहरातली दिसतेस. कोंबडी पाहून पदर कायले सावरतेस? ती का तुह्यापाशी हुंडा मागून राह्यली?"

त्या वर्षी तिची एकुलती लेक कौसा बाळंतपणाला माहेरी आली होती. आधीचं मूल जन्मताच गेलेलं. काकीनं गावच्या मातामायला कोंबडा कबूल केला आणि नव्या पिल्लांतलं सगळ्यांत चपळ पिल्लू निवडून त्याच्या पायात लाल दोरा बांधला. तिकडची रीतच तशी. दोरा बांधलेलं पिल्लू देवीचं. ते कुणी विकत नाही, पाहुण्यांसाठी कापत नाही. कौसा रोज त्या पिल्लाला स्वतःच्या हातानं कण्या घालायची.

पिल्लं अर्धवट वाढली आणि गावात कोंबड्यांची मानमोडी आली. सकाळी खुराडं उघडावं तर एखादं मान वाकडी करून गरगर फिरत असायचं, एखादं भिंतीला टेकून धापा टाकायचं. काकीनं रडत बसण्यात वेळ घालवला नाही. आजारी वेगळ्या टोपलीखाली, धडधाकट दुसऱ्या अंगणात, मेलेली दूर नेऊन खोल खड्ड्यात. आजाऱ्यांना हात लावला की राखेनं हात घासल्याशिवाय ती दुसऱ्या अंगणात पाऊल टाकत नसे. तरी बरीच गेली. साथीला ओहोटी लागते आहेसं वाटत होतं, तेवढ्यात देवीचा कोंबडा लंगडायला लागला.

समोरची सखूबाई कुडावरून म्हणाली, "कापून टाक त्याले. बाकीच्यायले लागण होईल. अन् लंगडा तं मातामायले चालत बी नाही."

दारात बसलेल्या कौसानं ते ऐकलं. "मातामायनं माहा नवस घेतला नाही," एवढंच बोलली आणि हातातली कण्यांची वाटी खाली ठेवली. त्या दिवसापासून तिनं अन्न सोडलं. दिवस भरत आलेली पोर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. कोंबड्याचं काय व्हायचं ते होवो, पण ही जाते की काय, असं मला वाटायला लागलं.

मग काकीनं कोंबड्याला मांडीवर घेतलं. मान धरून पाहिली, ताठ होती. डोळे स्वच्छ, खाणंपिणं चालू. "याले मानमोडी नोहे," ती पुटपुटली. मला कोमट पाणी आणायला लावलं आणि चिखलानं बरबटलेला पाय हळूहळू धुवायला घेतला. घोट्याशी बोट गेलं तसं पाखरू ओरडलं. सुजलेल्या मांसात काळी रेघ दिसत होती. तो दोराच होता. पाय वाढला होता, गाठ तेवढीच राहिली होती.

दाभणाच्या टोकानं तिनं तो सोडवला, पायाला हळद लावली आणि रक्ताळलेला दोरा कौसाच्या हातावर ठेवला. "पाह्य. मातामायनं काही नाही केलं. माती खाल्ली ते मी. आता ऊठ अन् जेव." कौसा दोऱ्याकडे बघत राहिली, मग उठली. तिनं पेज मागितली, तेव्हा काकी चुलीकडे तोंड करून रडली.

कौसाला मुलगी झाली. कोंबडा वाचला, पण जन्माचा लंगडा झाला. पुजारी म्हणाला, दुसरा आण. काकी त्यालाच काखेत मारून मातामायच्या देवळात गेली, नारळ फोडला आणि त्याला तसाच घरी घेऊन आली. "गाठ मी बांधली. दुसऱ्यानं काऊन मरावं?" गावानं बरंच तोंड वाजवलं. तिनं कान दिला नाही. त्या लंगड्याला मात्र पुढे कुणी दोरा बांधला नाही.

काकी गेली तेव्हा माझी मुलं शाळेत जायला लागली होती. बायकांनी तिला न्हाऊ घातलं. रीतीप्रमाणे पायांचे अंगठे एकत्र बांधायचे होते. दोरा माझ्या हातात आला. मी बांधला. सखूबाई म्हणाली, "घट्ट बांध वो." मी दोऱ्याखाली बोट घालून पाहिलं. अडकलं. मी गाठ सोडली आणि पुन्हा बांधली, बोटभर सैल.