पोळीआधीचं बोलणं

वासराला आचळ शोधायला कोणी शिकवत नाही, ते उपजतच येतं. कोणत्या दारात पोळी मिळते हे मात्र त्याला आईमागं फिरून शिकावं लागतं. इथल्या सदर भागातल्या एका शाळेत मी मुलांना हा धडा शिकवते आणि दरवेळी मला आमच्याच दारातली गाय आठवते.

आईचा नियम होता, तव्यावरची पहिली पोळी गायीची. गल्लीतली एक तांबडी गाय रोज सकाळी यायची आणि पुढचे दोन पाय पायरीवर ठेवून उभी राहायची. आई लगेच पोळी देत नसे. आधी तिची झाडाझडती. "काहून वं, आज उशीर केला? कुठी बसून राहिली होती? मले दुसरे कामं नाही वाटते का तुले?" गाय कान हलवत ऐकून घ्यायची, मग पोळी. मागे तिची कालवड उभी असायची, शेवटचा तुकडा तिला. मी सुट्टीत पुण्याहून आले की हे बघून हसायचे. गायीची सासू शोभतेस, म्हणायचे.

आई गेली. म्हातारी गायही दिसेनाशी झाली. त्यानंतर पुण्यातलं बिऱ्हाड मोडून मी या घरात राहायला आले ती आई जवळ वाटावी म्हणूनच, पण घरात तिच्या साड्या होत्या, डबे होते, आवाज नव्हता. मोबाइल समोर धरला की ती तोंडाला पदर लावायची, त्यामुळे तिचं बोलणं कशातच टिपलेलं नाही. तो आवाज एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी काय वाट्टेल ते दिलं असतं.

एका सकाळी दारात ती कालवड आली. कालवड कसली, आता पुरती गाय. पुढचे दोन पाय पायरीवर. मला भरून आलं. पोळी पुढे केली, तर बाई तोंड लावेना. हुंगली आणि मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. पोळीला गूळ लावून बघितला, दुसऱ्या दिवशी तूप. नाहीच. भूक नसेल म्हणावं, तर शेजारच्या फाटकाशी टाकलेल्या भाजीच्या देठांवर तुटून पडायची.

"खा ना गं, खा," मी विनवायचे. इतक्या वर्षांत माझं बोलणं पार पुणेरी झालंय.

शेवटी एक दिवस मी चिडले. शाळेची वेळ होत होती आणि पोळी हातातच वाळत होती. तोंडून निघून गेलं, "काहून वं, किती नखरे करून राहिली? मले दुसरे कामं नाही वाटते का तुले?"

तिनं कान हलवले आणि पोळी घेतली.

मी तिथंच पायरीवर बसले. तो आवाज आईचा होता. तोच चढ, तोच लटका राग. गायीनं हे सगळं आपल्या आईच्या मागे उभं राहून शिकून घेतलं होतं. माझ्यात ते कुठून आलं, घसाच आईचा म्हणून की लहानपणापासून ऐकून, हे धडा शिकवणाऱ्या मला सांगता येईना. मला ते सांगायचंही नव्हतं. पुन्हा ऐकायचं होतं.

गाय पुढच्या दाराकडे गेल्यावर मी रिकाम्या पायरीकडे बघून तेच शब्द म्हटले. आवाज माझाच निघाला, शाळेतल्या बाईंचा.

आता सकाळी तिला थोडा उशीर झाला तरी माझा जीव खालीवर होतो.