पाठीला चेन असलेला राक्षस

वारंगा फाट्यावरच्या पंक्चरवाल्याला मी कधी नाव विचारलं नाही. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधताना त्याचा एक डोळा मोबाइलवर असतो, आणि मोबाइलवर राक्षसांचे अगदी भिकार सिनेमे चालू असतात. राक्षस जितका गबाळा, तितका हा खूश. "सर, ह्याचे दात बघा, थर्माकोलचे हायेत!" म्हणत तो मांडीवर थाप मारतो.

मागच्या महिन्यात ऑपरेशननंतर बायकोला नांदेडहून घरी आणत होतो. आठवडाभर ती धड बोलली नव्हती. फाट्यावर गाडीचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्यानं तिचा चेहरा पाहिला, पाना खाली ठेवला आणि मोबाइल तिच्यासमोर धरला.

"ताई, घाबरू नका. हा राक्षस आता बाईला खायाला येऊन राहिला, पण त्याच्या पाठीची चेन उघडी हाय. आतलं बनियन दिसून राहिलं!"

तेवढ्यात राक्षस झुडपाला अडकून पडला. मुखवटा गळून हातात आला, तरी तो गुरगुरतच राहिला. बायको टाक्यांवर हात दाबून हसायला लागली. तिला पाहून आम्ही दोघंही हसत सुटलो.

हसत हसतच त्यानं चाक बसवलं. मी गाडी सुरू केली, तर बायको म्हणाली, "थांबा हो, सिनेमा तर संपू द्या!"