भगवंतरावांच्या गॅरेजमधली खाट

आमच्या शेजारच्या भगवंतरावांना गाडी चालवता येते, पण त्याहून जास्त ती पुसता येते. या दसऱ्याला हर्षलने, त्यांच्या मुलाने, आईवडिलांसाठी विजेवर चालणारी कार घेऊन दिली आणि घराला लागून गॅरेजही बांधून दिलं. तेव्हापासून आमच्या सौंसर गावात थंडी पडली तरी या माणसाला घाम फुटलेला. दव पडतं म्हणून प्लगला कापडी टोपी, उंदीर वायर कुरतडतात म्हणून दाराच्या फटीत गोणपाट, फरशी दिवसातून दोनदा झाडायची. चार्जिंग लावलं की हे समोर खुर्ची टाकून आकडा वाढताना बघत बसणार. साठ झाले, एकसष्ट झाले! अहो, तुम्ही बघितलं नाही तरी वाढतो तो, असं ओरडावंसं वाटायचं मला.

गॅरेजचा खरा आनंद त्यांच्या बायकोला, देवकाबाईंना झाला होता. भाव चढेपर्यंत कापूस विकायचा नाही, हा भगवंतरावांचा हट्ट. त्यामुळे चाळीस हिवाळे घरातली मधली खोली कापसाने छतापर्यंत भरलेली, आणि उरलेल्या हातभर जागेत देवकाबाईंचं अंथरूण. साठवलेल्या कापसाने अंगाला खाज सुटते. संक्रांतीपर्यंत त्यांचे हात लालभडक होत. यंदा कापूस गॅरेजात जाणार, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं.

पण चार्जर बसवणाऱ्या योगेशने हात जोडले. "काका, एक ठिणगी उडाली तं गाडी अन् कापूस दोन्ही जातीन. इथं एकच काहीतरी ठेवा."

भगवंतरावांनी गाडी ठेवली. कापूस पुन्हा मधल्या खोलीत आला.

देवकाबाई भांडल्या नाहीत. भरदुपारी त्यांनी आपली खाट गॅरेजात नेली, गाडीशेजारी टाकली आणि वर धुतलेली चादर अंथरली. "इथं ओल नाही, उंदीर नाही, दोन डाव झाडू लागते," मला म्हणाल्या. "कापूस गेला का मी घरात."

गल्लीला करमणूक झाली. भगवंतराव मात्र हटेनात. "आठ दिवस थांब व, भाव चढून राहिला," एवढंच त्यांचं पालुपद.

पाचव्या दिवशी सकाळी ते चहा घेऊन गॅरेजात आले, तेव्हा मी तिथेच बसले होते. त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, मानेवर ओरखडे. एरवी हिवाळाभर ते संत्र्याच्या बागेत जागलीला असत, तिथेच झोपडीत झोपत. यंदा संत्री झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकली, राखणही त्याचीच. म्हणून जन्मात पहिल्यांदा ते कापसाशेजारी झोपले होते.

"का व, हे असं होते?" त्यांनी हात पुढे केले. "चाळीस वर्षं काहून नाही सांगितलं मले?"

"दरसाल सांगत होती," देवकाबाई बशीत चहा ओतत म्हणाल्या. "तुम्ही म्हणत, बायकाईले सवय असते."

मला भगवंतरावांचा राग यायला हवा होता, पण वाईटच वाटलं. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि भाव न विचारताच कापूस न्यायला मेटाडोर बोलावली.