खरेदीखतातली हॅना

"असली कामं तुम्हा लोकांना उपजतच येतात," म्हणत डॉक्टरांनी माझ्या गळ्यात अ‍ॅप्रन अडकवला. सोबतचे मराठी लोक हसले. मीही हसलो. सगळ्यांत मोठ्याने मीच.

कॅनडातल्या व्हिटबीजवळ, गाव वसवणाऱ्या गोऱ्या साहेबाचं जुनं घर आहे. आता म्युझियम. कॅनडा डेला आम्ही व्हॉलंटियर जुने पोशाख घालून ते लोकांना दाखवायचो. पुण्याचे रिटायर्ड डॉक्टर कमिटीवर, म्हणून हॅट घालून मालक. मी आयटीवाला, पण नागपूरजवळच्या खेड्यातल्या, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, म्हणून नोकर. आणि मी एवढा शहाणा, की त्या वेषातला सेल्फी आईलाही पाठवला.

स्वयंपाकघरात आल्यावर पाठ केलेलं बोललो. "इथे एक काळी बाई काम करायची. अगदी घरच्यासारखी."

गर्दीतल्या एका काळ्या आजींनी विचारलं, "तिला सोडून जाता येत होतं का?"

मला उत्तर ठाऊक होतं. म्युझियमच्या वेबसाइटसाठी तिचं खरेदीखत मीच स्कॅन केलं होतं. "वेबसाइटवर नको, शोभत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि मी "हो सर" म्हणून साइटवरून उडवलं. साहेबाच्या घोड्याचं नाव तिथे राहू दिलं. तिचं नाही.

डॉक्टर मध्ये आले. गुलामगिरी अमेरिकेत होती, कॅनडाने तर पळून आलेल्यांना आसरा दिला, असं गोड इंग्रजीत सांगितलं. मग मराठीत मला, "गप्प का? सांग की. तुझी आईसुद्धा होतीच ना पाटलांकडे कामाला? घरच्यासारखंच ठेवलं ना तिला?"

हे मीच त्यांना गाडीत सांगितलं होतं. जवळचा माणूस समजून.

आईने त्या घराचं शेण वीस वर्षं काढलं. उंबरा कधी ओलांडला नाही. भाकरी वरून टाकायचे.

मी अ‍ॅप्रन काढायला गेलो. गाठच सुटेना. डोक्यावरून ओढला, तर चष्मा खाली. तसाच, समोरचं काही न दिसता, बोललो. "नव्हतं जाता येत. तिला विकत घेतलं होतं. ज्याने हे गाव वसवलं, त्यानेच. तिचं नाव हॅना."

"तुला इथे मी आणलं, विसरू नकोस," डॉक्टर.

"नाही विसरणार, डॉक्टरसाहेब. काहीच नाही विसरणार."

पार्किंगमध्ये गाडीत बसूनच लॅपटॉप उघडला. खरेदीखत वेबसाइटच्या पहिल्या पानावर लावलं, साहेबाच्या चित्राच्या वर. पाठोपाठ कमिटीचा फोन. ताबडतोब काढ. नाही काढलं.

ते काढतील. मलाही काढतील. काढू देत. दर रविवारी फाटकाबाहेरच्या फुटपाथवर उभा राहीन. येणाऱ्या प्रत्येकाला हॅनाचं सांगीन, मग आईचं. आणि मग आत मालक बनून कोण उभं आहे, ते बोटाने दाखवीन. नावासकट.